वैद्यकाकडून उद्योगाकडे : आजन्म विद्यार्थीपणाचा एक मार्ग

आपल्या वसतिगृहाच्या सभागृहात शिरताना उजव्या हाताच्या भिंतीवर एक लाकडी फलक आहे. येथून शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांची नावे त्यावर पिवळ्या रंगात लिहिलेली आहेत. त्याचे रकाने पाच : डॉक्टर, अभियंता, वकील, प्राध्यापक व शासकीय अधिकारी. दर वर्षी पालक प्रवेशासाठी येतात तेव्हा आम्ही त्यांना आधी या फलकापाशी नेतो. पहिल्या रकान्यापाशी त्यांची नजर सर्वांत जास्त वेळ थांबते. ज्या घरात आजाराला अंगारा आणि बाळंतपणाला नशीब एवढेच इलाज होते, त्या घरातील मुलगा डॉक्टर होतो, हे या संस्थेने पाहिलेले सर्वांत मोठे स्थित्यंतर आहे.

या पहिल्या रकान्यातील एका नावाविषयी काही वर्षांपूर्वी आमच्यापुढे एक पेच उभा राहिला. त्या विद्यार्थ्याचे वडील एसटीच्या आगारात मदतनीस होते. मुलगा एमबीबीएस झाला, बंधपत्राप्रमाणे ग्रामीण रुग्णालयात सेवा केली, पुढे तेथेच काही वर्षे राहिला आणि एके दिवशी राजीनामा देऊन मोकळा झाला. त्याला धंदा करायचा होता. वडील आमच्याकडे आले. व्हरांड्यातील बाकावर बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "सर, तुम्ही सांगितलं तर तो ऐकेल. दवाखाना सोडून दुकान टाकायला शिकवलं का आपण त्याला?"

आम्ही मुलाला बोलावून घेतले आणि जे बोललो ते आज आठवले की ओशाळल्यासारखे होते. ज्या जागेवर तू शिकलास ती तुझ्या एकट्याची नव्हती, तिच्यामागे पिढ्यांचा लढा आहे, असे बरेच काही आम्ही त्याला ऐकवले. त्याने सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "सर, मी विद्या सोडत नाही, कामाची जागा बदलतोय." ते वाक्य समजायला आम्हांला दोन-तीन वर्षे लागली. प्रस्तुत लेख हा त्या समजण्याचा वृत्तांत आहे. आज आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी आणखी काही डॉक्टर याच उंबरठ्यावर उभे आहेत व त्यांच्या घरांतही हेच वाद चालू आहेत, म्हणून तो येथे सविस्तर मांडीत आहोत.

वैद्य आणि व्यवसाय : जुना संबंध

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्ही प्रथम मागे वळून पाहिले. वैद्यकाने उद्योगाकडे वळणे ही आजची टूम नाही. आपल्याच पनवेल येथे वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये धूतपापेश्वर या औषधी कारखान्याची सुरुवात केली. कोलकात्यात डॉक्टर एस. के. बर्मन यांनी १८८४ मध्ये आपल्या रुग्णांसाठी औषधे बनविण्यास आरंभ केला आणि 'डाक्तर बर्मन' या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून 'डाबर' हे नाव जन्मले. आज ज्या नावाने आपण च्यवनप्राश ओळखतो, त्या नावात एक डॉक्टर दडलेला आहे.

केरळातील कोट्टक्कल येथील पी. एस. वारियर यांची कथा आमच्या विषयाला अधिक जवळची आहे. ते परंपरेने शिकलेले आयुर्वेदाचे वैद्य. स्वतःला डोळ्यांचा विकार झाला म्हणून ते डॉक्टर व्ही. वर्गीस यांच्याकडे उपचारासाठी गेले आणि बरे झाल्यावर त्यांच्याकडेच पाश्चात्त्य वैद्यक शिकू लागले. त्या काळी वैद्य चिठ्ठी लिहून देई आणि काढा रुग्णाच्या घरी केला जाई. वनस्पती नीट ओळखली गेली की नाही, प्रमाण बरोबर पडले की नाही, काढा किती आटवला, यांवर कोणाचेच नियंत्रण नसे. दोन्ही पद्धती पाहिलेल्या वारियरांच्या लक्षात आले की निदान अचूक असूनही औषध चुलीपाशी बिघडते. १९०२ मध्ये त्यांनी आर्य वैद्य शाला स्थापन केली आणि तयार, प्रमाणित औषधे विकण्यास प्रारंभ केला. वरवर पाहता वैद्य दुकानदार झाला. वस्तुतः त्याने उपचारातील सर्वांत कच्चा दुवा ओळखून तेथे आपली शक्ती लावली.

या उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. वैद्यकातून उद्योगाकडे सार्थपणे वळलेल्या माणसाने बहुधा एखादा असा प्रश्न पाहिलेला असतो की जो औषधाने सुटत नाही. तो प्रश्न पुरवठ्याचा असतो, किमतीचा असतो, अंतराचा किंवा व्यवस्थेचा असतो.

मदुरैचे नेत्रवैद्य

या सूत्राचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मदुरैचे डॉक्टर गोविंदप्पा वेंकटस्वामी. १ ऑक्टोबर १९१८ रोजी तामिळ मुलखातील एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. गावच्या शाळेत कागद-पेन्सिल नव्हती, मुले नदीची वाळू पसरून तिच्यावर अक्षरे गिरवीत. नात्यातील तरुण स्त्रिया बाळंतपणात दगावल्या होत्या, म्हणून त्यांना प्रसूतितज्ज्ञ व्हायचे होते. १९४४ मध्ये मद्रासच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेले आणि तेथे त्यांना संधिवाताने गाठले. दीर्घकाळ ते अंथरुणाला खिळून होते. बोटे कायमची वाकडी झाली, लेखणीही धरता येईना. प्रसूतिशास्त्राचा मार्ग तेथेच संपला.

त्यांनी पुन्हा विद्यार्थी होऊन नेत्रशास्त्र घेतले. वाकड्या बोटांना पेलतील अशी शस्त्रे बनवून घेतली आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नव्याने शिकले. त्याच हातांनी त्यांनी आयुष्यात एक लाखाहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया केल्या. १९७६ मध्ये वयाच्या ५८ व्या वर्षी ते शासकीय सेवेतून निवृत्त झाले. आपल्याकडे या वयात माणूस निवृत्तिवेतनाचे कागद नीट लावून ठेवतो. वेंकटस्वामींनी घर गहाण टाकले, भावंडांना सोबत घेतले आणि ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले.

इथून पुढे त्यांना जे शिकावे लागले ते वैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथात नव्हते. देशात मोतीबिंदूने अंध झालेल्यांची संख्या एवढी होती की एका शल्यवैद्याने आयुष्यभर अहोरात्र काम केले तरी ती हलणार नव्हती. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी मॅक्डोनाल्डची खाद्यगृहे पाहिली. गावोगावच्या शाखांत तोच पदार्थ, त्याच प्रतीचा आणि त्याच वेळात कसा मिळतो, हे त्यांनी विद्यार्थ्याच्या कुतूहलाने न्याहाळले व विचारले की, दृष्टी अशी का देता येऊ नये? पदार्थ हलका आहे की भारी, हा त्यांचा प्रश्न नव्हता. त्यांना पद्धत हवी होती.

त्या पद्धतीची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. शस्त्रक्रियागृहात शल्यवैद्याच्या दोन्ही बाजूंना दोन मेजे असतात. एका रुग्णावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्या मेजावर पुढील रुग्ण तयार ठेवलेला असतो. तपासणी, डोळ्यांत थेंब घालणे, नोंदी, समुपदेशन ही कामे खेड्यांतून निवडून आणलेल्या व तेथेच प्रशिक्षण दिलेल्या मुली करतात. शल्यवैद्याने फक्त तेच करायचे जे त्याच्याशिवाय कोणाला येत नाही. ऐपत असलेला रुग्ण पैसे देतो व नसलेला देत नाही. खोली आणि सोयी निरनिराळ्या असतात, शस्त्रक्रिया मात्र एकाच दर्जाची.

हिशेबाची उकल

हे परवडते कसे, असा प्रश्न वाचकांना पडेल. आम्हांलाही पडला होता. त्याचे उत्तर समजावे म्हणून समजुतीपुरते आकडे घेऊ.

एका नेत्र रुग्णालयाचा पगार, जागा, वीज आणि यंत्रांचे हप्ते मिळून महिन्याचा खर्च ६ लाख रुपये आहे असे धरा. शस्त्रक्रिया एक होवो वा हजार, हा खर्च ठरलेलाच. याला स्थिर खर्च म्हणतात. शिवाय प्रत्येक शस्त्रक्रियेला भिंग, औषधे व पट्ट्या मिळून दीड हजार रुपये लागतात. हा बदलता खर्च. महिन्यात १०० शस्त्रक्रिया झाल्या तर स्थिर खर्चाचा वाटा प्रत्येकी ६ हजार येतो आणि एक शस्त्रक्रिया साडेसात हजारांना पडते. त्याच जागेत, त्याच माणसांनी ४०० केल्या तर तो वाटा दीड हजारांवर उतरतो आणि शस्त्रक्रिया ३ हजारांना पडते.

आता या ४०० पैकी १६० जणांनी प्रत्येकी ९ हजार रुपये दिले तर १४ लाख ४० हजार जमा होतात. सर्व ४०० जणांचा खर्च १२ लाख. म्हणजे २४० जणांना एक पैसाही न घेता दृष्टी मिळाली आणि वर २ लाख ४० हजार उरले. ही रक्कम पुढच्या यंत्राला व पुढच्या शाखेला. यात दानशूराची वाट पाहावी लागत नाही आणि गरिबाला हात पसरावा लागत नाही. अरविंदमध्ये निम्म्याहून अधिक रुग्णांवर मोफत किंवा अत्यल्प दरात उपचार होतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

पुढे भिंगाचा प्रश्न आला. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसविण्याचे कृत्रिम भिंग परदेशातून येई व गरिबाच्या आवाक्याबाहेर असे. त्याला जाड काचांचा चष्मा मिळे. तेव्हा १९९२ मध्ये मदुरैतच ऑरोलॅब ही भिंगनिर्मितीची संस्था उभी राहिली. किंमत मूळच्या एका लहान हिश्श्यावर आली आणि ती भिंगे आज शंभराहून अधिक देशांत जातात. या वाटचालीत भारतीय व्यवस्थापन संस्थेत शिकलेले आर. डी. तुलसीराज यांच्यासारखे सहकारी त्यांनी जोडले. जे आपल्याला येत नाही ते येणारा माणूस शोधून त्याच्याकडून शिकणे, हेही शिक्षणच होय. १९९३ मध्ये हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाने या रुग्णालयावर अभ्यासपाठ तयार केला. वाळूत अक्षरे गिरविलेल्या विद्यार्थ्याचे काम तेथे अभ्यासाचा विषय झाले. २००६ मध्ये वेंकटस्वामींचे निधन झाले, पण संस्था चालू आहे.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८३ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर प्रताप रेड्डी यांनी चेन्नईत अपोलो रुग्णालय सुरू केले. शस्त्रक्रियेसाठी परदेशी जाणे न परवडलेला एक तरुण रुग्ण दगावल्याचे दुःख त्यामागे होते. भागभांडवलावर उभ्या राहणाऱ्या रुग्णालयांचे युग देशात तेव्हापासून सुरू झाले. त्यामुळे पूर्वी परदेशी जावे लागे असे उपचार येथे होऊ लागले, हे खरे. त्याच वेळी मोठ्या रुग्णालयाचे देयक पाहून जमीन विकलेली कुटुंबे आपल्या परिचयात आहेत, हेही तितकेच खरे. म्हणून डॉक्टर उद्योजक झाला एवढ्यावर टाळ्या वाजविता येत नाहीत. त्याने कोणता प्रश्न सोडविला आणि कोणासाठी, हे विचारावे लागते.

आपल्या विद्यार्थ्याने काय पाहिले

आता आपल्या विद्यार्थ्याकडे येऊ. ग्रामीण रुग्णालयात असताना त्याला मधुमेहाच्या काही रुग्णांचे अहवाल विचित्र वाटू लागले. लक्षणे वाढलेली आणि अहवालात साखर मात्र आटोक्यात. त्याने शोध घेतला. रक्ताचे नमुने सकाळी घेतले जात व दुपारच्या गाडीने जिल्ह्याच्या ठिकाणी जात. साध्या नळीत तसेच पडून राहिलेल्या रक्तातील पेशी जिवंत असतात व त्या साखर खात राहतात. दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर अशी कमी होते. खड्ड्यांच्या रस्त्यावर हिंदकळून तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांतील पोटॅशियम बाहेर पडते आणि अहवालात नसलेला धोका दिसतो. फ्लुओराइड घातलेली नळी, नमुना घेतल्यानंतर वेळेत सेंट्रिफ्यूज करणे, शीतपेटी आणि ठरलेल्या वेळी निघणारा माणूस एवढ्याने हे टळते. अडचण औषधाची नव्हती, वाहतुकीची होती. नोकरीत राहून त्याने अर्ज केले, ते फायलींत राहिले.

त्याने दोन मोटारसायकली, चार शीतपेट्या आणि एक सेंट्रिफ्यूज घेऊन नमुने गोळा करण्याचे काम सुरू केले. अठरा महिन्यांत ते बंद पडले.

बंद पडण्याची कारणे दोन होती व दोन्हींतून शिकण्यासारखे आहे. पहिले कारण उधारी. कागदावर धंदा नफ्यात होता. समजा, महिन्याला २ लाखांची देयके आणि १ लाख ६० हजारांचा खर्च, म्हणजे ४० हजारांचा नफा. पण देयकाचे पैसे तीन महिन्यांनी येत आणि पगार व पेट्रोल त्याच महिन्यात द्यावे लागे. पहिला रुपया हाती येण्याआधी ४ लाख ८० हजार रुपये खर्च झालेले असत. नफा आणि रोकड या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वैद्यकाच्या साडेपाच वर्षांत त्याला कोणी सांगितले नव्हते. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या दुकान आहे, त्यांची मुले ही गोष्ट जेवताना ऐकत मोठी होतात. आपल्या घरांत ती कोण बोलणार?

दुसरे कारण 'कट'. काही ठिकाणी त्याला सरळ विचारले गेले की प्रत्येक नमुन्यामागे आमचा वाटा किती? वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम अशी दलाली देण्यास व घेण्यास मनाई करतात. त्याने नकार दिला आणि ती कामे गेली. वडिलांना ही गोष्ट त्याने सांगितली नव्हती. आम्हांलाही ती फार उशिरा कळली. आम्ही त्याला समाजाच्या ऋणाचे धडे देत होतो, तेव्हा तो ते ऋण स्वतःच्या खिशातून फेडीत होता.

पुन्हा पहिल्या बाकावर

त्यानंतर त्याने जे केले ते या लेखाचे मर्म आहे. चौतिसाव्या वर्षी तो तालुक्याच्या गावी टॅलीच्या वर्गात जाऊन बसला. शेजारी बारावी झालेल्या मुली. शिकविणारा तरुण त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणे व तो त्याला 'सर' म्हणे. सहा महिन्यांत त्याला खतावणी, ताळेबंद आणि रोकड प्रवाहाचे पत्रक वाचता येऊ लागले. मग त्याने दूरशिक्षणाने व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. रात्री अभ्यास, दिवसा एका दवाखान्यात नोकरी. कर्जाचे हप्ते थकू दिले नाहीत. तीन वर्षांनी त्याने तेच काम पुन्हा सुरू केले, या वेळी पंधरा दिवसांची उधारी लेखी ठरवून आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून. आज तेथे अकरा जण काम करतात. तो श्रीमंत झालेला नाही. परंतु त्या तालुक्यातील साखरेचा अहवाल खरा येतो.

डॉक्टर असल्याचा त्याला कोठे उपयोग झाला, असे आम्ही विचारले तेव्हा त्याने मोजके सांगितले. रुग्णाची हकीकत पूर्ण ऐकल्याशिवाय निदान करू नये, ही सवय ग्राहकाशी बोलताना कामी आली. एका लक्षणामागे अनेक कारणे असू शकतात, हे धंदा तोट्यात जाताना उपयोगी पडले. काय सोडावे लागले, यावर मात्र तो थोडा थांबला. "डॉक्टरला चूक करायची मुभा नसते, सर. धंद्यात लहान लहान चुका करूनच शिकावं लागतं. ते अंगवळणी पडायला वेळ लागला."

वैद्यकाची नोंदणी त्याने सोडलेली नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते व त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुणांक मिळवावे लागतात. ते तो मिळवितो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी आपल्या गावात रुग्ण तपासतो.

आपला आणि भांडवलाचा संबंध

आपल्या समाजात नोकरीचा एवढा आग्रह का, याचेही उत्तर इतिहासात आहे. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारांविषयी सल्ला देणारे कार्यालय काढून पाहिले. अर्थशास्त्राचा एवढा मोठा अभ्यासक देशात तेव्हा विरळा असेल. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले व ते कार्यालय बंद करावे लागले. बाजार गुणवत्तेवर चालतो असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. व्यापाराला पत लागते आणि पत ओळखीवर, नात्यागोत्यावर मिळते. ज्यांना ती नाकारली गेली त्यांनी परीक्षेच्या दाराने आत जाणेच शहाणपणाचे होते. आमच्या फलकावरील पाच रकाने या शहाणपणातून आले आहेत, त्यांची आम्हांला लाज नाही.

परंतु बाबासाहेब तेथे थांबले नाहीत, हेही विसरू नये. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकाची स्थिर नोकरी सोडून, पैसे साठवून आणि उसने घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला विद्यार्थी म्हणून गेले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. मिळाली आणि त्याच सुमारास ते बॅरिस्टरही झाले. हाती असलेले पद आणि पुढे घ्यावयाचे शिक्षण यांत त्यांनी शिक्षण निवडले.

आज काही दारे उघडली आहेत. अनुसूचित जातींतील उद्योजकांसाठी शासनाने साहस भांडवल निधी उभारला. दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना २००५ मध्ये पुण्यात झाली. ही दारे पुरेशी नाहीत, पण त्यांची माहितीच नसणे हे आपले दुबळेपण आहे.

निर्णयापूर्वी

ज्या माजी विद्यार्थ्यांच्या मनात असा विचार आहे त्यांना आम्ही चार गोष्टी सुचवितो.

पहिली, कंटाळा आणि प्रश्न यांत फरक करावा. रात्रपाळीचा थकवा, वरिष्ठांचा जाच, पदव्युत्तर प्रवेश न मिळाल्याचे नैराश्य ही सोडण्याची कारणे असतील, सुरू करण्याची नव्हेत. सोडवावयाचा प्रश्न एका वाक्यात सांगता आला पाहिजे.

दुसरी, आधी शिकावे, मग सोडावे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून शिकता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच कामासाठी आहे. शासनाच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर लेखाशास्त्राचे व व्यवस्थापनाचे पाठ घरबसल्या ऐकता येतात. पदवीपेक्षाही ताळेबंद वाचता येणे महत्त्वाचे.

तिसरी, घर वाऱ्यावर सोडू नये. पहिल्या पिढीच्या डॉक्टरच्या पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणे आणि आईचे औषधपाणी अवलंबून असते. किमान एक वर्षाचा घरखर्च निराळा ठेवल्याशिवाय राजीनामा लिहू नये. घर गहाण टाकणाऱ्या वेंकटस्वामींच्या पाठीशी शल्यवैद्यांचे कुटुंब होते, हे विसरून त्यांचे अनुकरण करू नये.

चौथी, मर्यादा आधीच ठरवाव्यात. औषध लिहिणारा हात आणि औषध विकणारा हात एकच झाला की मोह उभा राहतो. कोणते पैसे घ्यायचे नाहीत हे पहिल्या दिवशी कागदावर लिहून ठेवावे. गरज पडल्यावर ते लिहिता येत नाही.

पालकांनाही एक विनंती. मुलाला 'वाया गेला' म्हणण्याआधी त्याचा प्रश्न काय आहे, ते विचारा. आम्ही विचारले नाही व एका चांगल्या विद्यार्थ्याला त्याच्या सर्वांत कठीण काळात एकटे सोडले.

त्याच्या वडिलांनी नंतर एकदा आम्हांला विचारले होते, "पण सर, गावाला एक डॉक्टर कमी झाला, ते खरंच ना?" या प्रश्नाला आमच्यापाशी पूर्ण उत्तर नाही. डॉक्टर कमी झाला, हे खरे. अनेक रुग्णांचे निदान अचूक झाले, हेही खरे. या दोन्हींची वजाबाकी करून एक आकडा काढता येत नाही. प्रत्येक पिढीला तो हिशेब आपल्या परीने मांडावा लागेल.

गेल्या जूनपासून आपल्या शाळेत नववीच्या मुलांसाठी दर रविवारी तासभर जमाखर्चाचा वर्ग चालतो. वसतिगृहाच्या भाजीपाल्याची व धान्याची खरी देयके मुलांपुढे ठेवली जातात व महिन्याचा ताळेबंद त्यांनी मांडायचा असतो. शिकवायला तोच येतो. आमचा विषय इतिहास, आकड्यांशी आमचे कधी फारसे जमले नाही. आम्ही मागच्या बाकावर वही घेऊन बसतो. मागच्या महिन्यात तुरीच्या डाळीचे देयक आम्ही चुकीच्या बाजूला लिहिले, ते आठव्या पटावरील एका मुलीने दुरुस्त करून दिले. फलकाला यंदा नवा रंग द्यायचा आहे. सहाव्या रकान्याला जागा आहे का, ते सुताराला विचारले आहे.